शिडी कुणाची? जिनिंग, गोदाम आणि बागेतल्या शिडीचा सुरक्षित वापर व देखभाल

खेड्यातल्या कामाच्या जागी शिडी असतेच, पण ती कुणाची नसते. जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातली शिडी फिटर नेतो, वायरमन नेतो, हमाल नेतो. पोळ्याचं तोरण बांधायला पोरं घेऊन जातात, शेजारच्या लग्नात ती मांडवाला जाते आणि आठ दिवसांनी एक पायरी ढिली होऊन परत येते. ढिली कधी झाली, कुणामुळे झाली, हे कुणी सांगत नाही. पुढचा माणूस मात्र भरवशानं तिच्यावर पाय ठेवतो.

शिडीचा कोन, दोर, बूट हे सगळं महत्त्वाचं आहेच आणि पुढे ते सविस्तर येईल. पण विदर्भातल्या लहान कारखान्यांत, गोदामांत आणि बागांत खरी उणीव ही आहे की शिडीची जबाबदारी कुणावरच नसते. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. शिडीला नंबर द्या आणि एक माणूस नेमा

प्रत्येक शिडीच्या उभ्या दांड्यावर ऑइलपेंटनं नंबर घाला: १, २, ३, बस. शंभर पानी वहीत त्या नंबरचं एक पान ठेवा. शिडी कधी घेतली, किती फुटांची आहे, शेवटची कधी तपासली, काय दुरुस्त केलं, एवढ्या चार गोष्टी पुरतात. वही स्टोअरमध्ये शिडीजवळच ठेवा. ऑफिसच्या कपाटात गेली की ती कुणी भरत नाही.

नेमलेला माणूस मालक किंवा मुनीम नसावा. दिवसभर शिडीच्या आसपास वावरणारा स्टोअरकीपर, फिटर किंवा बागेचा सोकारी (राखणदार) बरा. त्याला एक अधिकार मात्र स्पष्ट द्या: शिडी बाद करण्याचा. त्यानं "ही वापरायची नाही" म्हटलं की मालकानंही "आजच्या दिवस चालवून घे" म्हणायचं नाही. हा अधिकार नसेल तर त्या नेमणुकीला काही अर्थ उरत नाही.

उसनी मागायला कुणी आलं की बोलणं एवढंच व्हावं:

"भाऊ, निसनी देता का? दोन मिन्टाचं काम हाय."

"ने, पन वापस आनली का मले दाखवजो. तशीच भिताडाले टेकवून जाजो नोको."

गावात नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण परत आलेली शिडी तपासल्याशिवाय जागेवर ठेवायची नाही, एवढं नक्कीच करता येतं. मांडवाच्या कामात शिडी आडवी टाकून तिच्यावर फळ्या ठेवतात, दोन जण उभे राहतात. अशा वेळी पायऱ्यांच्या सांध्यांवर जो ताण येतो, त्यासाठी शिडी बनलेलीच नसते.

कायद्याच्या बाजूनंही जबाबदारी कामगाराची नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३२ मध्ये उंचीवर काम करणारा पडू शकतो अशा ठिकाणी त्याच्या सुरक्षिततेची तजवीज करणं आणि कामाच्या जागी पोहोचण्याचा सुरक्षित मार्ग देणं, हे कारखान्यावर टाकलेलं होतं; आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे. "मी त्याला सांगितलं होतं जपून चढ म्हणून" याला तजवीज म्हणत नाहीत.

२. हे काम शिडीचं आहे का?

शिडी ही वर जायला आणि थोडं, हलकं काम करायला असते. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेचा एक ठोकताळा आपल्याकडेही चपखल बसतो: एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल, किंवा १० किलोपेक्षा जास्त वजन वर न्यायचं असेल, तर शिडी सोडून दुसरा उपाय बघा. त्यात आपल्याकडची दोन कामं वाढवतो. ज्याला दोन्ही हात आणि अंगाचा जोर लागतो ते काम, म्हणजे भिंतीत ड्रिल मारणं, गंजलेला नट पान्यानं सोडवणं. आणि ज्यात आडवा हिसका बसतो ते, म्हणजे करवतीनं फांदी कापणं. पाना सटकला की माणूस मागे जातो आणि मागे धरायला काही नसतं.

अशा कामाला परांची बांधा, किंवा रुंद फलाट असलेली घोडी, म्हणजे आपली आपण उभी राहणारी दुमडती शिडी वापरा. शिडी पुरत नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी करणं, ड्रमवर किंवा पोत्यांवर ठेवणं, दोन शिड्या तारेनं एकमेकींना बांधणं हे जुगाड सर्रास दिसतात. त्यांतला एकही चालणार नाही. ट्रॉली तर ब्रेक लावूनही स्प्रिंगवर आणि टायरवर हलते. खाली चार इंच हललं तर वर किती हलेल, याचा अंदाज वर असलेल्यालाच येतो.

३. शिडीची निवड

सगळ्यात जास्त वापर बांबूच्या शिडीचा आणि त्यात वाईट काही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यातला बांबू चांगला, बुरडाचा हातही चांगला. मात्र घेताना घाई नको. मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू असल्यानं पायऱ्यांना उत्तम. उभ्या दांड्यांना लांब, सरळ, जाड सालीचा बांबू लागतो. बांबू तीन-चार वर्षांचा पक्का असावा. कोवळा बांबू वाळल्यावर आक्रसतो आणि पायऱ्या खोबणीत खेळायला लागतात. नखानं दाबून पाहा, ओरखडा सहज उठला तर तो कोवळा आहे. दोन गाठींच्या मधोमध पायरीचं भोक पाडलेलं असेल तर ती शिडी सोडून द्या. भोक गाठीजवळ असलं की दांडा उभा चिरत नाही.

कच्च्या बांबूत पिष्ट असतं आणि त्यालाच भुंगा लागतो. शिडीखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडलेली दिसली की आत पोखरणं सुरू झालं असं समजा. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत याच पिष्टावरचा उपाय आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेला बांबू आणखी टिकतो. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूकामाचं प्रशिक्षण मिळतं. दहा-वीस शिड्या लागणाऱ्या मोठ्या बागायतदारांनी आपला एक माणूस तिकडे जरूर पाठवावा.

लोखंडी शिडी जड, गंजणारी, आणि मे महिन्यात दुपारी हाताला चटका देणारी. अॅल्युमिनियमची हलकी, टिकाऊ, पण विजेला पूर्ण मोकळी वाट देणारी. वायरमनला फायबरग्लासचीच शिडी द्या, महाग असली तरी. दोन्ही बाजूंना पाय असलेली घोडी गोदामात सोयीची, कारण तिला टेकायला भिंत लागत नाही. विकतच्या शिडीवर भार लिहिलेला असतो. बऱ्याच शिड्यांवर तो १५० किलो असतो आणि त्यात माणूस, हत्यारं, हातातलं सामान सगळं धरलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या "काही होत नाही भाऊ" वर विसंबू नका. शिड्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६९६ भाग २. खरेदीच्या कागदावर त्याचा उल्लेख मागायला लाजू नका.

४. चढण्याआधीची तपासणी

ही रोज, दर वापराआधी करायची. दोन-तीन मिनिटं लागतात. शिडी जमिनीवर आडवी टाका आणि खालून वर जा.

आधी पाय. रबरी बूट दोन्ही आहेत का, झिजून गुळगुळीत झालेत का, त्यांत सरकी किंवा चिखल अडकलाय का. बूट नसलेली अॅल्युमिनियमची शिडी फरशीवर साबणासारखी सरकते. मग उभे दांडे: डोळा लावून नळीसारखं एका टोकाकडून पाहा, वाक लगेच दिसतो. बांबूवर हात फिरवताना उभी चीर लागली तर तिथे नख घाला. नख आत गेलं की शिडी बाद. वरवरच्या सालीचे बारीक तडे वेगळे, ते उन्हाळ्यात सगळ्याच बांबूंना येतात.

नंतर एकेक पायरी दोन्ही हातांनी पिळून पाहा. फिरली, कुरकुरली, तर सांधा सैल आहे. दोरीनं बांधलेल्या पायऱ्यांची दोरी उन्हानं कडक आणि पांढुरकी झाली असेल तर ती बदला. नायलॉनची दोरी बाहेरून शाबूत दिसते आणि वाकवली की धागे तुटायला लागतात. लोखंडी शिडीच्या वेल्डिंगपाशी गंजाची रेघ दिसली तर ती बहुधा चिरेची असते. घोडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण ताणल्या जातात का आणि सरकत्या शिडीचे हूक दोन्हीकडे बसतात का, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

तेल, ग्रीस, ओला कोंडा, शेण, सगळं पुसून काढा. रंग दिलेली लाकडी शिडी दिसली तर मी आधी संशयानं बघतो. जाड रंगाखाली चिरा झाकलेल्या असतात आणि बरेचदा त्यासाठीच रंग दिलेला असतो.

खराब निघाली तर तारेनं आवळून "तात्पुरती" चालवू नका. पायरी बदलण्यासारखी असेल तर जाणत्या बुरडाकडून किंवा सुताराकडून बदलून घ्या. उभा दांडा गेला असेल तर शिडी गेली. अॅल्युमिनियमला गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, तापल्यानं सांध्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. बाद शिडी मधोमध कापूनच टाका. अख्खी ठेवली तर महिन्याभरात कुणीतरी ती उचलून पुन्हा लावतं. कापलेल्या तुकड्यावर दोडक्याचा वेल खुशाल चढू द्या.

५. शिडी लावणं

आपल्या काळ्या मातीचा हिशेब इथे महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती लोण्यासारखी होते. दोन्ही वेळा शिडीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त खचतो आणि शिडी बाजूला कलंडते. त्यात वाईट म्हणजे रिकामी शिडी सरळ उभी दिसते, माणूस अर्ध्यावर गेला की ती खचते. म्हणून मातीवर दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद, जाड फळी टाका. एका पायाखाली वीट किंवा दगडाची चिप सरकवून उंची जुळवू नका, फळीखालची माती खरवडून जुळवा. फळी टाकल्यावर सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून दोनदा अंगाचा भार द्या. जे खचायचं ते तिथेच खचू द्या.

कोनाचा नियम सोपा आहे: शिडी जिथे टेकते ती उंची चार भाग, तर पाय भिंतीपासून एक भाग लांब. १२ फुटांवर टेकली तर पाय ३ फूट बाहेर, १६ फुटांवर टेकली तर ४ फूट. हा कोन साधारण ७५ अंशांचा होतो. फूटपट्टी नसेल तर शिडीच्या पायांना पायाचे अंगठे लावून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे खांद्याच्या उंचीच्या पायरीवर आरामात पोहोचले की कोन बरोबर. आपल्याकडे चूक बहुधा दोन प्रकारची होते. बाहेर शिडी फार उभी लावतात, कारण जागा नसते. गोदामात फार पसरट लावतात, कारण शिडी गरजेपेक्षा लांब असते. उभी शिडी मागे येते, पसरट शिडी खालून सरकते.

छतावर किंवा माळ्यावर उतरायचं असेल तर शिडी काठाच्या वर किमान ३ फूट गेली पाहिजे. वर धरायला दांडे हवेत, नाहीतर पाय बदलताना हाताला नुसती हवा लागते. सरकत्या शिडीचे दोन भाग एकमेकांवर किमान तीन पायऱ्या चढलेले असू द्या.

शिडी उभी करायची तर पाय भिंतीला अडवून दुसऱ्या टोकाकडून हातावर हात घेत भिंतीकडे चालत यायचं, उभी झाली की पाय बाहेर ओढायचे. जड शिडीला दोन माणसं. नेताना नेहमी आडवी न्या.

आता बांधणं. वर दोन्ही उभे दांडे पक्क्या आधाराला बांधा. पायरीला दोर बांधला तर शिडी त्याभोवती फिरते. पन्हाळ, प्लास्टिकचा पाइप, पत्र्याचा काठ हे आधार नव्हेत. पहिल्यांदा वर बांधायला जाताना खाली एकानं दोन्ही दांडे धरून, एक पाय खालच्या पायरीवर देऊन उभं राहायचं. तो माणूस मोबाइल बघणारा नको. पण फक्त माणसानं धरणं हे छोट्या शिडीपुरतंच खरं. लांब शिडी वरून सरकली तर खालचा माणूस ती थांबवू शकत नाही. वर बांधता येत नसेल तर खालचे दांडे खुंट्या ठोकून किंवा खांबाला बांधून अडवा.

वहिवाटीच्या जागी, दारासमोर लावली असेल तर दार बंद करा आणि एक माणूस उभा करा. बैलगाडी, ट्रॅक्टर, पळणारी पोरं, यांतलं काहीही पायाला धडकू शकतं.

६. वर तारा आहेत का?

शिडी हलवण्याआधी मान वर करून बघा. गावातून आणि शेतातून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनी जातात, शेतपंपांच्या तारांना उन्हाळ्यात झोल पडतो. ११ केव्हीच्या तारेला शिडी चिकटायचीही गरज नसते, अगदी जवळ गेली तरी वीज उडी मारते. अशा लाइनीपासून शिडीचं कुठलंही टोक, ती पडली तरीसुद्धा, १० फुटांच्या आत येणार नाही असं बघा. म्हणजे २० फुटांची शिडी असेल तर लाइनीच्या बऱ्याच लांबूनच काम आखावं लागतं.

"बांबूला करंट लागत नाही" हे वाळक्या बांबूबद्दलसुद्धा अर्धंच खरं आहे. पावसात भिजलेला, दवानं ओला, मातीनं माखलेला किंवा तारेनं पायऱ्या आवळलेला बांबू वीज वाहून नेतो. रस्त्यावरचा दिवा बदलायला ग्रामपंचायतीचा माणूस खांबाला शिडी लावतो तेव्हा लाइन बंद करून घेतली आहे हे लाइनमनकडून समजून घेतल्याशिवाय चढायचं नाही. "बटण बंद केलं" म्हणजे खांबावरची लाइन बंद झाली असं नाही. तार तुटून शिडीवर पडली असेल तर शिडीला हात लावू नका आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

७. चढणं, काम करणं, उतरणं

पायात घट्ट बसणारा, खालून खरबरीत बूट किंवा पट्ट्याची चप्पल हवी. स्लिपर नको. खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवा, साडीचा पदर आणि ओचा नीट खोचा. चक्कर येणारा, फिट येणारा, रात्रीची उतरली नसलेला माणूस चढणार नाही, याला अपवाद नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना टिनाच्या छताखालचं काम सकाळी उरका. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येते ती शिडीवर आली तर सावरायला वेळ मिळत नाही.

चढताना तोंड शिडीकडे आणि शरीराचे तीन टेके कायम शिडीवर: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. म्हणजे हातात काही धरून चढायचं नाही. हत्यारं कमरेच्या किंवा खांद्याच्या थैलीत, जड वस्तू वर गेल्यावर दोरानं ओढून घ्यायची. दोर टाकला की खालच्या माणसानं बाजूला व्हायचं.

वर गेल्यावर बेंबी दोन दांड्यांच्या आत ठेवा. हात लांबवताना ती बाहेर गेली की तोलही बाहेर गेला. पोहोचत नसेल तर उतरा आणि शिडी सरकवा. वर उभं राहून झटके देत शिडी सरकवणारे उस्ताद प्रत्येक गावात असतात, त्यांचं कौतुक करू नका. टेकणाऱ्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या आणि घोडीच्या वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात. घोडी दुमडून भिंतीला टेकवायची नाही. एका वेळी एकच माणूस.

उतरताना शेवटची पायरी आली असं समजून एक पायरी आधीच पाय सोडला जातो आणि घोटा मुरगळतो. सगळ्यात खालची पायरी पिवळ्या रंगानं रंगवली तर हा घोळ बराच टळतो.

८. जागेप्रमाणे काही खास गोष्टी

*जिनिंग.* दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत इथे धूळ आणि रुईचे तंतू सगळीकडे बसतात. तंतूंचा पातळ थर पायरीवर असला तर पाय घसरतो, फरशीवर सरकीचं तेल असेल तर शिडीच घसरते. लावण्याआधी खाली झाडू मारा. कापसाच्या ढिगावर शिडी टेकवू नका, ढीग आतून खचतो. पट्टा, शाफ्ट फिरत असताना शेजारी शिडी लावायचीच नाही. मशीन बंद, मेन स्विच खाली, त्याला कुलूप, किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात.

*गोदामातली थप्पी.* तुरीच्या, सोयाबीनच्या, धानाच्या पोत्यांची थप्पी भिंतीसारखी दिसते, पण ती भिंत नाही. तिला शिडी टेकवून माणूस चढला की वरचा थर बाहेर येतो. रुईची गठाण साधारण १७० किलोची असते, ती अंगावर आली तर शिडीवरून पडणं त्यापुढे किरकोळ. स्वतंत्र उभी राहणारी घोडी वापरा.

*पत्र्याचं छत.* सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर शिडीवरून थेट पाय ठेवायचा नाही. वरून दणकट दिसणारा पत्रा पायाखाली अचानक फुटतो आणि माणूस आत, फरशीवर जातो. खालच्या कैच्यांवर आधारलेल्या रुंद फळ्या टाकूनच चाला. पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे धूळ बसल्यावर ओळखू येत नाहीत, खालून बघून खूण करून घ्या.

*संत्र्याची बाग.* वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात तोडणीला शिडी लागतेच. आळ्यातली माती ठिबकनं ओली असते, शिडीचे पाय आळ्याबाहेर येतील असं बघा. फळांनी लदलेली फांदी वाकलेली असते. तिच्यावर शिडी टेकवून तुम्ही फळं तोडत गेलात की फांदी हलकी होऊन वर उचलली जाते आणि शिडीचं टोक मोकळं पडतं. म्हणून टेकू नेहमी जाड खोडाजवळच्या फाट्यात घ्या आणि दोरानं बांधा. तीन पायांची शिडी बागेत सगळ्यात चांगली, तिसरा पाय झाडाच्या आत सरकवता येतो. तोडणीची झोळी अर्धी भरली की रिकामी करा. आंबिया बहाराच्या तोडणीत सकाळी पायऱ्यांवर दव असतं, पुसल्याशिवाय चढू नका. आणि झाडावर, टाकीखाली, छज्जाला आग्या मोहोळ आहे का ते आधी बघा. मधमाश्या उठल्या की शिडीवरचा माणूस उतरत नाही, उडी मारतो.

*पाण्याची उंच टाकी.* इथली लोखंडी शिडी कायमची बसवलेली असते आणि म्हणूनच ती कुणी तपासत नाही. ब्लीचिंग पावडर टाकायला कर्मचारी नेमानं चढतो. त्याच क्लोरीनमुळे टाकीच्या तोंडाजवळच्या वरच्या पायऱ्या सगळ्यात आधी गंजतात. खालून त्या दिसत नाहीत. वर्षातून दोनदा हातोडीनं ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर पायरी आतून गेली. काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट हलतात का तेही बघा. मागच्या बाजूला गोल कड्यांचा पिंजरा नसेल तर पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि दोर दिल्याशिवाय माणूस वर पाठवू नका. कमरेचा नुसता पट्टा पडल्यावर माणसाला मधोमध दुमडतो. टाकीच्या आत एकट्यानं उतरायचं नाही.

९. वर्षभराची देखभाल

शिडी आडवी, जमिनीपासून वर, तीन खुंट्यांवर ठेवा. दोनच खुंट्या असतील तर लांब शिडी मधे वाकते. उभी ठेवली तर साखळीनं बांधा, नाहीतर पोरं चढतात. पायरीला अडकवून टांगू नका. मातीला टेकलेल्या बांबूला विदर्भात वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो. ऊन सगळ्याच शिड्यांचं वैरी आहे, फायबरग्लासचंसुद्धा. ती उन्हात पांढरी पडून तिचे बारीक काटे हाताला टोचू लागले की तिचं आयुष्य संपत आलं.

मृगाआधी आणि दसऱ्याआधी अशा दोन मोठ्या तपासण्या ठेवा. मृगाआधी बांबू-लाकडाच्या शिड्या धुऊन, सावलीत वाळवून त्यांना जवसाचं कच्चं तेल दोन हात लावा. तेल पारदर्शक असल्यानं चिरा दिसत राहतात, ऑइलपेंटमध्ये त्या दडतात. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत सुकताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. जिनिंगमध्ये याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. फडकी पाण्यात भिजवा, उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

दसऱ्याआधीच्या तपासणीत पावसाळ्यानं काय केलं ते दिसतं: बुरशी, काळी पडलेली गाठ, सैल पायऱ्या, गंज. लोखंडाला खरवडून रेड ऑक्साइड द्या. अॅल्युमिनियमच्या सांध्यांचे रिव्हेट हलवून बघा. सरकत्या शिडीच्या कप्पीला तेलाचा थेंब द्या, पायरीवर सांडलं तर पुसा.

१०. कुणी पडलं तर

पहिली गोष्ट, त्याला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका. उंचावरून पडलेल्याच्या मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार असू शकतो आणि उचलाउचलीत कणा कायमचा दुखावतो. १०८ ला फोन करा, ठिकाण सांगताना जवळची खूण सांगा आणि एक माणूस फाट्यावर उभा करा. तोवर डोकं आणि मान दोन्ही हातांनी आहे तशी स्थिर धरून ठेवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबा. पाणी, चहा काही पाजू नका. वीज लागून पडला असेल तर आधी लाइन बंद, मग हात. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोरानं, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं दाबत राहा.

हलवणं भागच असेल, म्हणजे आग किंवा दुसरा धोका असेल, तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून दाराच्या फळीवर किंवा रुंद पाटीवर घ्या.

पडलेला माणूस पुष्कळदा उठून कपडे झटकतो आणि "काही नाही झालं" म्हणत कामाला लागतो. डोक्याला मार लागला असेल तर त्याला त्या दिवशी घरी एकटं सोडू नका. पुढच्या २४ तासांत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी झोप, बोलण्यात गोंधळ, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी ग्रामीण रुग्णालयात न्या आणि तिथे "शिडीवरून इतक्या फुटांवरून पडला" हे स्पष्ट सांगा.